टेबलावरच्या स्पीकरला किती वॅट लागतात?

या महिन्याच्या टपालात ॲम्प्लिफायरच ॲम्प्लिफायर आहेत. मिक्सर आणि इन्व्हर्टरवाल्यांनी रागावू नये, त्यांना पुढच्या अंकात जागा देते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. मुलाची जुनी म्युझिक सिस्टिम बिघडली, तिचे दोन लाकडी स्पीकर त्याने मला दिले. मागच्या पट्टीवर ६ ओहम, ८६ डीबी, कमाल ६० वॅट असं लिहिलंय. कॉम्प्युटरच्या टेबलावर हातभर अंतरावर ठेवून ख्याल आणि नाट्यगीतं ऐकायची आहेत, तीही रात्री दहानंतर, घरातले झोपल्यावर. दुकानदार म्हणतो, स्पीकर साठचे आहेत तेव्हा ॲम्प्लिफायरही निदान साठ अधिक साठचा घ्या, नाहीतर स्पीकर ‘उघडणार’ नाहीत. पुतण्याने मोबाइलवर पाचशे रुपयांचं ‘१०० वॅट’चं एक बोर्ड दाखवलं. तीन हजारांच्या वर जायची माझी तयारी नाही. कोणाचं ऐकू?
— एक ज्येष्ठ वाचक, मिरज

उत्तर : काका, नमस्कार. पुतण्याचं ऐका, फक्त त्या ‘१०० वॅट’वर विश्वास ठेवू नका. दुकानदाराला साठ अधिक साठचा खपवायचा असेल तर खपवू दे दुसऱ्या कोणाला.

पट्टीवरचे ६० वॅट म्हणजे स्पीकर एवढं सोसतो, त्यापुढे कॉइल जळायची भीती. रोज साठ वॅट पाजल्याशिवाय तो गाणार नाही, असं त्या पट्टीत कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या कामाचा आकडा शेजारीच आहे : ८६ डीबी, म्हणजे डेसिबल, आवाज मोजायचं माप. स्पीकरला १ वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज मिळेल, ते हा आकडा सांगतो. आता वही घ्या. तुम्ही हातभर अंतरावर बसणार, म्हणजे ७० सेंटिमीटर धरू. मीटरपेक्षा जवळ, म्हणून ३ डीबी वाढले. स्पीकर दोन, म्हणून आणखी ३. प्रत्येक स्पीकरला १ वॅट मिळाला की तुमच्या कानाशी ९२ डीबी. समोरासमोर बसून आपण बोलतो तो आवाज ६०च्या आसपास असतो. घर झोपलेलं असताना तुम्ही फार तर ६५वर ऐकाल. म्हणजे २७ डीबी खाली यायचं, आणि दर १० डीबीला वॅट दहापट कमी होतात. उत्तर येतं एका वॅटचा पाचशेवा भाग. छपाईची चूक नाही ही, पाचशेवाच.

गाणं अर्थात एका उंचीवर चालत नाही. विलंबितात सगळं संथ चाललेलं असतं आणि समेवर तबल्याची थाप पडते. ती उसळी सरासरीच्या २० डीबी वर धरली, तर तेवढ्या क्षणापुरता वॅटचा पाचवा हिस्सा लागतो. दिवसा दार लावून नाट्यगीत जरा मोठ्याने लावलंत, सरासरी ७५ आणि उसळी ९५, तरी काम २ वॅटमध्ये होतं. मी पाच म्हटलं तर तुमचा दुकानदार मला वेड्यात काढेल, म्हणून दहा सांगते. १० अधिक १० वॅट, पण खरे.

‘खरे’ म्हणायचं कारण असं, की आपल्याकडे वॅट छापायला कधी कोणी हात आखडता घेतलेला नाही. कॅसेटच्या काळात जेमतेम पाच वॅटच्या डबड्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं सोनेरी अक्षरांत असायचं. पीएमपीओ गेला, सवय राहिली. पुतण्याच्या बोर्डावर बहुतेक टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप असेल. चिप उत्तम आहे. ५० अधिक ५० वॅट ती देतेही, पण २१ व्होल्टवर आणि ४ ओहमच्या स्पीकरला. तुमचे स्पीकर ६ ओहमचे, आणि अडॅप्टर लावणार १२ व्होल्टचा. बाराचा वर्ग १४४, त्याला ओहमच्या दुपटीने, म्हणजे १२ने भागा : १२ वॅट. चिपमधली घट वजा जाता नऊ-दहा उरतात. म्हणजे त्या बोर्डाची जाहिरात खोटी, पण माल तुमच्या मापाचा. घरात १९ व्होल्टचा जुना लॅपटॉप चार्जर असेल तर तोही चालेल, वॅट दुपटीच्या वर जातील. तुम्हाला ते कधी लागायचे नाहीत.

वॅटचा प्रश्न इथे संपला. रात्री हातभर अंतरावर बसून ऐकणाऱ्याला खरा त्रास वॅटचा नसतोच, गाणं सुरू नसताना स्पीकरमधून काय येतं याचा असतो. दिवाणखान्यात दहा फुटांवर जी ‘सूं’ ऐकूसुद्धा येत नाही, ती टेबलावर कानाशी बसते. स्वस्त ॲम्प्लिफायर निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघते, आणि विकणारा नेमकं हेच दाखवत नाही.

ही ‘सूं’ बऱ्याचदा जास्तीच्या गेनमुळे येते. गेन म्हणजे ॲम्प्लिफायर सिग्नल किती पट मोठा करतो ते. कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकमधून साधारण १ व्होल्टचा सिग्नल निघतो. तुमच्या स्पीकरला १० वॅट द्यायला पावणेआठ व्होल्ट लागतात. म्हणजे सिग्नल आठपट झाला की काम झालं. टीपीए ३११६चा गेन २०, २६, ३२ किंवा ३६ डीबी असा चार पायऱ्यांवर ठेवता येतो, म्हणजे दहापट, वीसपट, चाळीसपट आणि त्रेसष्टपट. तुम्हाला पहिली पायरी पुरते. बोर्ड बनवणारे मात्र वरच्या पायऱ्या पसंत करतात, कारण बटण जरा फिरवलं की घर दणाणतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, काय ताकद आहे! परिणाम असा, की सिग्नलबरोबर चिपच्या आतली खरखरही चाळीसपट होते आणि व्हॉल्यूमचं बटण घड्याळाचा काटा धरलं तर आठच्या खुणेपासून नऊच्या खुणेपर्यंतच वापरता येतं. स्वस्तातल्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे बटणामागच्या भागाची, सगळ्यात वाईट जागा तीच. तिथे डावा-उजवा सारखा नसतो. गवई मधोमध बसायचा, तो एका कुशीला सरकतो. म्हणून घेताना गेन किती ते विचारा. २० किंवा २६ असेल तर घ्या. बोर्ड आधीच घरात आलं असेल तर चिपजवळचे दोन बारीक रेझिस्टर बदलून गेन खाली आणता येतो. बारीक टोकाची सोल्डरिंग गन आणि स्थिर हात असलेल्या मेकॅनिकचं ते दहा मिनिटांचं काम आहे. नुसता कॉम्प्युटरचा आवाज कमी करून ‘सूं’ जाणार नाही, कारण ती बटणाच्या पुढे तयार होते.

दुसरा पर्याय दुकानात मिळेल तो पत्र्याच्या डब्यातला, ट्रान्सफॉर्मरवाला. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि तुमच्याकडे सांगलीतही कोणीतरी ते जोडून देतोच. आत टीडीए २०३० नाहीतर आपली सगळ्यांची ४४४० आयसी. एलए ४४४० ही सॅन्योची, गाड्यांच्या टेपमध्ये आयुष्य काढलेली चिप आहे. गाडीच्या बॅटरीवर, ४ ओहमला ६ अधिक ६ वॅट देते आणि नीट जोडली तर गोड वाजते. ‘नीट जोडली तर’ हेच कठीण. ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरीला खेटून बसवला किंवा फिल्टरचा कपॅसिटर काटकसरीत घेतला, की हमिंग आलंच.

आणि हे हमिंग तुमच्यासारख्या श्रोत्याला जास्त छळेल, कारण ते सुरात नसतं. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या भागातून, गेली की लहरी १०० हर्ट्झच्या होतात. आता काळी एकमध्ये गाणाऱ्याचा तानपुरा घ्या. मधला षड्ज १३८-१३९ हर्ट्झवर, मंद्र पंचम १०४च्या आसपास. डब्यातलं हमिंग १०० वर. म्हणजे पंचमाच्या तारेशेजारी, पंचम ते तीव्र मध्यम या अंतराच्या निम्म्याहून जास्त उतरलेला दुसरा पंचम अखंड चालू. इतर कुठल्या गावाला हे लिहिलं नसतं, पण तानपुऱ्याच्या गावच्या माणसाला सांगायलाच हवं. खरेदीला जाताना नुसत्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेऊन जा. तार विझत जाते तेव्हा खाली काय उरतं ते ऐका. दुकानात गोंगाटामुळे काही कळणार नाही. तेव्हा ‘रात्री घरी लावून बघतो, पटलं नाही तर उद्या परत आणतो’ एवढं आधी कबूल करून घ्या. घरी काहीही न वाजवता, बटण शून्यावर ठेवून ट्वीटरला, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या शंकूला, कान लावा, मग खुर्चीत नेहमीसारखे बसा. खुर्चीत ऐकू आलं नाही, तर पास.

खर्जाबद्दल मात्र अपेक्षा बेताच्या ठेवा. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झवर लागतो. चार-पाच इंची शंकूला तिथे धाप लागते, आणि त्याला कुठलाच ॲम्प्लिफायर इलाज नाही. साठ वॅटचाही नाही.

ब्लूटूथ, एफएम, पेनड्राइव्ह, नाचणारे दिवे यांतलं काही घेऊ नका. तुमचा कॉम्प्युटर टेबलावरच आहे, एक वायर पुरे. शिवाय यातली बरीच ब्लूटूथ बोर्डं चालू केल्याबरोबर आपण जोडले गेल्याचं इंग्रजीत ओरडून सांगतात, आणि त्या बाईचा आवाज बटणाने कमी होतोच असं नाही. रात्री अकराला घरातल्यांना ते आवडायचं नाही.

वाचलेले पैसे अडॅप्टरवर घाला. १२ व्होल्ट, ३ अँपिअर, आणि खाली बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघूनच. जुन्या सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचाही चालून जाईल. पिनचं माप तेवढं जुळवा. ही गोल पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर असते, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. अडीचची पिन २.१च्या सॉकेटमध्ये जाते, पण आत सैल राहते. मग हात लागला की चर्रचर्र, आणि माणूस ॲम्प्लिफायरला शिव्या देतो.

एवढं करण्याआधी स्पीकर तपासा. शंकूच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबून बघा. रबरी असेल तर ठीक. स्पंजासारखी असेल आणि बोटाला काळा चुरा लागला, तर आधी ती बदलावी लागेल. मल्टिमीटरवर ६ ओहमचा स्पीकर पाचच्या आसपास दाखवतो, आकडाच आला नाही तर कॉइल तुटलेली. मग पेन्सिल सेलचा प्लस लाल टोकाला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवा. दोन्ही स्पीकरचे शंकू बाहेरच्या बाजूला हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर आतल्याच्या वायरी उलट करा, नाहीतर खालचे सूर एकमेकांना खातील.

म्हणजे : डब्यातलं टीपीए ३११६ किंवा त्याच घराण्यातलं ३११८, गेन कमी, ब्लूटूथ नाही, चांगला अडॅप्टर, स्पीकरला दोन-दोन मीटर साधी तांब्याची वायर. १ चौरस मिलिमीटरची घेतलीत तरी पुष्कळ झाली. कॉम्प्युटरपासून चांगली शिल्डेड केबल. तीन हजारांत बसून वर काही उरेल.

प्रश्न : ताई, मी संभाजीनगरला हॉस्टेलवर राहतो. पीएएम ८४०३चं छोटं बोर्ड घेतलं. त्याला लॅपटॉपच्या यूएसबीतून वीज आणि हेडफोनच्या जॅकमधून आवाज दिलाय. गाणं वाजतं, पण मागे सतत चिरचिर येते. माउस हलवला की ती बदलते, फाइल कॉपी करताना वाढते. मोठ्याने लावलं की आवाज मध्येच तुटतो. बोर्ड खराब आहे का? मित्र म्हणतो, लॅपटॉपच्या चार्जरची जाड पिन काढून टाक.
— इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी

उत्तर : बोर्ड ठणठणीत आहे. आणि त्या मित्राला चार्जरपासून लांब ठेव. जाड पिन अर्थिंगची आहे, ती काढायची नाही. आधीच हॉस्टेलच्या बोर्डांना अर्थिंग असेलच याची खात्री नसते. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वॉर्डनला लेखी कळव.

चिरचिरीचं कारण तुझ्या जोडणीतच आहे. तू बोर्डाला लॅपटॉपची ग्राउंड दोनदा दिली आहेस, एकदा यूएसबीतून आणि एकदा हेडफोनच्या वायरीतून. लॅपटॉपच्या आत प्रोसेसर, डिस्क, माउसचं पोर्ट सगळे करंट ओढत असतात. त्या ओढाताणीत दोन ग्राउंडमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि बोर्ड त्यालाच गाणं समजून मोठं करतं. म्हणून माउसचा आवाज ऐकू येतो.

वीज मोबाइलच्या वेगळ्या दोन पिनी चार्जरमधून दे. बहुतेक वेळा तेवढ्यावर सुटतं. लॅपटॉपच्या चार्जरची घूं तरीही राहिली, तर ३.५ मिलिमीटरच्या जॅकचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो मध्ये लाव. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल पलीकडे जातो, ग्राउंड अलीकडेच राहते. अगदी स्वस्तातला घेतलास तर खालचे सूर थोडे खाईल, हे धरून चाल.

तुटण्याचं कारण वेगळं. जुनं यूएसबी पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतं, म्हणजे सगळे मिळून अडीच वॅट. बोर्डावरचं ‘३ वॅट अधिक ३ वॅट’ त्यातून कसं निघणार? मोबाइलचा चार्जर लावलास की हाही प्रश्न मिटेल. या चिपला बाहेर फिल्टर नसतो, म्हणून स्पीकरच्या वायरी हातभरच ठेव, खोलीभर फिरवू नकोस.

प्रश्न : माझ्याकडे तीन पदरी जुनी केबल पडून आहे. डाव्या आणि उजव्या स्पीकरची काळी वायर एकच ठेवली तर केबल पुरते. चालेल ना?
— कोल्हापूर

उत्तर : नाही. जुन्या डेकला चालायचं, कारण त्यात काळं टोक ग्राउंडलाच जोडलेलं असे. वरच्या दोन्ही पत्रांतल्या टीपीए ३११६ आणि पीएएम ८४०३ या चिपा ब्रिज पद्धतीने चालतात, म्हणजे लाल आणि काळी दोन्ही टोकं जिवंत असतात. दोन काळी टोकं एकत्र बांधलीत तर चिप एक तर स्वतःला बंद करून घेईल, नाहीतर धूर काढेल. त्याच कारणाने अशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांना हेडफोनही जोडायचा नाही. चार पदर लागतात, दादा. मीटरभर वायर विकत घ्या.

प्रश्न : टेबलावर वडिलांचा जुना रेडिओ आहे, सकाळी त्यावर पुणे केंद्र मीडियम वेव्हवर लावते. शेजारी नवा छोटा ॲम्प्लिफायर ठेवल्यापासून रेडिओत बारीक शिट्टी वाजते. ॲम्प्लिफायर बंद केला की जाते. कशाची ही भानगड?
— सासवड

उत्तर : ताई, हे पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण यात दोघांचाही दोष नाही. तुमचा छोटा ॲम्प्लिफायर बहुधा डी क्लासचा आहे, तो आवाजाचे बारीक तुकडे करून पुढे पाठवतो. टीपीए ३११६ हे काम सेकंदाला साधारण ४ लाख वेळा करते, म्हणजे ४०० किलोहर्ट्झ. त्याची दुप्पट ८००. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर. फरक ८, आणि ८ किलोहर्ट्झचा सूर आपल्या कानाला बारीक शिट्टीच वाटतो. मुंबईच्या ५५८वर एवढा त्रास होणार नाही, करून बघा.

रेडिओ आधी जागच्या जागी फिरवा. आतला फेराइटचा दांडा एका दिशेला जवळजवळ बहिरा असतो. ॲम्प्लिफायर त्या दिशेला आला की शिट्टी दबेल, फक्त पुणे केंद्र त्याच दिशेला नको. मग स्पीकरच्या वायरी आखूड करून लाल-काळी एकमेकींना पीळ देऊन टाका, कारण त्याच एरियलचं काम करतात. चिपमध्ये ही वारंवारता बदलण्याची सोय आहे. तुमच्या बोर्डावर त्यासाठी जंपर काढलेला असेल तर मेकॅनिककडून ती वर सरकवून घ्या. आणि एवढं करूनही शिट्टी राहिली, तर रेडिओ टेबलावरून उचलून खिडकीत ठेवा, दोन-तीन मीटर अंतर सहसा पुरतं.